गाडगेबाबांचे कीर्तन आणि सार्वजनिक आरोग्य



जेथे पंडितांनी बोलावे, तेथे आज मोंढ्यातील हमालांचा एक कार्यकर्ता उभा आहे. माझे शिक्षण संघटनेच्या कचेरीत, रात्रीच्या दिव्याखाली झाले. म्हणून विषयही मी असा घेतला आहे की, ज्याला शाळेची पायरी कधी आड आली नाही.

रोगराई आणि गाणे ह्यांचे नाते आपल्याकडे जुनेच आहे. पटकीची साथ आली की गावात हलगी वाजे, पोतराज मरीआईला आळवी आणि देवीचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेला जाई. १८८४ साली रॉबर्ट कॉख ह्या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यास पटकीचे जंतू ओळखून दाखविले. दोष पाण्याचा होता. पण हे ज्ञान खेड्यापर्यंत पोचावयास फार काळ लागला. गाडा शिवेबाहेर गेला. विहिरीकाठची घाण होती तेथेच राहिली.

हे अंतर तोडणाऱ्यांत डेबूजी झिंगराजी जाणोरकर ऊर्फ गाडगेबाबा हे अग्रभागी होते. त्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती गाडगे आणि खराटा. दिवसा गाव झाडावयाचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करावयाचे, हा त्यांचा क्रम १९५६ पर्यंत, म्हणजे देह ठेवीपर्यंत चालला.

त्यांच्या कीर्तनात संस्कृत श्लोकांचे अवडंबर नव्हते. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांस सरळ प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढून घेत. दारू, कर्ज, नवसाचे बोकड, गावातील घाण, काहीच सुटत नसे. पूर्वीचे गाणे देवीला आळवीत होते; बाबांचे गाणे माणसाला जाब विचारू लागले. आणि ज्याने सकाळी आपले अंगण झाडले, त्याला रात्री उलट उत्तर कोण देणार? लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईस जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा तर रोग्यांच्या नातलगांचा आधार झाली.

२००० साली सरकारने बाबांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, ते योग्यच झाले. परंतु कामगारांत वावरणाऱ्या माणसाला येथे एक गोष्ट सलते. बाबांनी खराटा स्वखुशीने घेतला. सफाई कामगाराच्या हाती तो बहुधा जातीने येतो. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोनदा कायदे झाले, तरी गटारात उतरून माणसे गुदमरल्याच्या बातम्या आपण वाचतोच. एका दिवसापुरता झाडू धरून छायाचित्र काढणे सोपे; रोज झाडणाऱ्याला हातमोजे, पुरता पगार आणि मान देणे अवघड.

संत जनाबाई आपल्याच गंगाखेडची. तिच्या अभंगांत झाडलोट आहे आणि त्या कामाला हात लावणारा विठ्ठलही आहे. देवाला ज्या कामाची लाज वाटली नाही, ते करणाऱ्याला आपण दाराबाहेर पाणी द्यावे काय?

गाणे आधी देवीला उद्देशून होते, मग गावकऱ्याला. आता ते नगराच्या कारभाऱ्यांना ऐकू जाईल असे म्हणावयास हवे. तो सूर आपणा सर्वांना मिळून धरावा लागेल.