गोव्यातील पॅरिश शाळा आणि सोल्फेजची परंपरा

मुलांना परक्या संस्कृतीचे संगीत शिकवणे ही आज उदार शिक्षणाची खूण मानली जाते. परंतु भारतात अशा शिक्षणाचा एक दीर्घ आणि सलग प्रयोग गोव्यात झाला, तो उदारतेपोटी नव्हे, तर उपासनेच्या गरजेपोटी. 1510 मध्ये पोर्तुगीज सत्ता आल्यानंतर गावोगावी चर्च उभी राहिली, त्यांच्या लॅटिन प्रार्थनांसाठी गाणारे व वाजवणारे हवे होते, आणि ते युरोपातून आणणे अशक्य असल्यामुळे चर्चलगतच्या पॅरिश शाळांतून, म्हणजे धर्मग्रामाच्या शाळांतून, स्थानिक मुलांनाच तयार करण्यात आले.

या शाळांत धर्मशिक्षण आणि अक्षरओळख यांच्या बरोबरीने सोल्फेज शिकवले जाई. सोल्फेज म्हणजे कागदावर लिहिलेले स्वर पाहून, हाताने ताल धरत, ते 'दो, रे, मी' अशा स्वरनामांनी गाणे. हे वाचन पक्के झाल्यावरच मुलाच्या हाती व्हायोलिन दिले जाई. गुरूकडून ऐकून कंठस्थ करण्याच्या भारतीय पद्धतीहून ही रीत मुळातच वेगळी होती, कारण तिच्यात पूर्वी कधीही न ऐकलेली रचना केवळ वाचून सादर करण्याची क्षमता लहान वयातच येत असे. शिकवण्याचे काम चर्चचा गायनप्रमुख, म्हणजे 'मेस्त्रे', करी, आणि अनेक गावांतील मुलांचे पहिले, कित्येकदा एकमेव, संगीतशिक्षण त्याच्याच हातून होई.

या शिक्षणाची दुसरी बाजू मात्र त्याच्या गौरवगाथांत सहसा येत नाही. ज्या सत्तेने मुलांच्या हाती व्हायोलिन दिले, तिच्याच धर्मन्यायालयाने, म्हणजे इन्क्विझिशनने, 1736 च्या आदेशाने ख्रिस्ती घरांतील लग्नप्रसंगी ओव्या गाण्यास आणि देशी वाद्ये वाजवण्यास बंदी घातली. म्हणजे येथे नव्या संगीताची भर पडत नव्हती, जुन्याच्या जागी ते बसवले जात होते. तरीही ही जागा पुरती रिकामी झाली नाही: ख्रिस्ती समाजाच्या मांडो या गीतनृत्यप्रकारात व्हायोलिनच्या शेजारी घुमट, म्हणजे मातीच्या भांड्याला कातडे ताणून केलेले देशी तालवाद्य, टिकून राहिले.

उपासनेसाठी दिलेली विद्या पुढे पोटाची विद्या झाली. नोकरीसाठी मुंबईत आलेल्या गोवेकरांना बँडपथकांत, मूकपटगृहांत, जॅझवृंदांत आणि अखेरीस हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत काम मिळाले, कारण अनेक संगीतकार चाल तोंडीच बांधत, आणि ती स्वरलिपीत उतरवून मोठ्या वाद्यवृंदात वाटून देणारा अ‍ॅरेंजर, म्हणजे वाद्यमेळ रचणारा, बहुधा याच परंपरेतला असे. गोव्यातील माजोर्डा येथे 1927 मध्ये जन्मलेले अँथनी गोन्साल्विस आणि शंकर-जयकिशन या संगीतकार जोडीसाठी काम करणारे सेबास्टियन डिसोझा ही त्यांतील ठळक नावे. गोन्साल्विस यांनी पुढे चित्रपट-संगीतकार झालेल्या प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. व्हायोलिनला अशी प्रतिष्ठा लाभली, तरी घुमटाला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून शासकीय मान्यता मिळण्यास 2019 साल उजाडावे लागले.