मनसरचा काळा दगड

परवा कपाट आवरताना एक जुना दगड हाती लागला. काळा आणि आकाराच्या मानाने चांगलाच जड. शाळेच्या सहलीत एका विद्यार्थ्याने मनसरला उचलून मला दिला होता. तेव्हा त्याने विचारले, "गुरुजी, या मँगनीजचं करतात काय?" मी म्हणालो, "पोलाद कडक करतात." उत्तर अर्धेच होते, हे मला निवृत्तीनंतर वाचताना कळले.

१८५६ साली हेन्री बेसेमरने वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून झटपट पोलाद करायची रीत जाहीर केली. पण तापलेला ठोकळा रोलांखाली घातला की चिरायचा. पीठ नीट मळले नाही तर थापताना भाकरीच्या कडा चिरतात, तसा. याचे एक कारण गंधक. त्याचे लोखंडाशी झालेले संयुग लाटण्याच्या उष्णतेत कणांच्या सांध्यांत पातळ होते, आणि सांधेच सुटतात. रॉबर्ट मशेटने त्यात मँगनीज असलेले लोखंड घातले. गंधकाने मँगनीज धरले, आणि ते संयुग तेवढ्या उष्णतेत वितळत नाही. म्हणजे मँगनीजने पोलाद आधी लाटण्याजोगे केले! कडकपणाची गोष्ट नंतरची, १८८२ च्या हॅडफील्डची. १८५७ मध्ये मशेटच्या पोलादाचा रूळ डर्बी स्थानकात बसवला. लोखंडी रूळ तिथे काही महिन्यांतच बदलावे लागत. हा सोळा वर्षे टिकला.

मशेटच्या पेटंटची फी मात्र भरली गेली नाही आणि हक्क गेला. १८६६ साली त्याची सोळा वर्षांची मुलगी मेरी एकटी लंडनला जाऊन बेसेमरपुढे उभी राहिली. बेसेमरने मशेटला वर्षाला ३०० पौंड सुरू केले. ही पोर मी वर्गात कधी सांगितली नाही, याची रुखरुख आहे. बेसेमर मात्र दरवर्षी घोकून घेतला.

आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या मँगनीजच्या खाणी १९०० च्या सुमारास सुरू झाल्या. मनसर आमच्या कन्हानपासून पंचवीसेक किलोमीटर. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातले बहुतेक मँगनीज दगडाच्याच रूपात परदेशी जाई. फर्मर नावाच्या भूशास्त्रज्ञाने इकडच्या मँगनीजच्या एका खडकाला गोंडांवरून 'गोंडाइट' नाव दिले. नाव तेवढे इथले राहिले.

कन्हानला पुढे फेरो-मँगनीजचा कारखाना आला, तोही मी मुलांना कधी नीट समजावला नाही. तो विद्यार्थी हे वाचत असेल तर, बाळा, तुझा दगड अजून माझ्याकडे आहे. उरलेले उत्तर वर लिहिले आहे.