रुग्णालय हलतं, तेव्हा प्रश्न कोणी विचारायचा?

सरकारी रुग्णालय कधी बंद होतं, कधी दुसऱ्या जागी हलवलं जातं, कधी एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे जातं, तर कधी खाजगी संस्थेला चालवायला दिलं जातं. अशी बातमी आली की मोहल्ल्यात चर्चा होते, लोक नगरसेवकाकडे जातात, आमदारांना निवेदन दिलं जातं. पण निर्णय नेमका कोणाचा आणि त्यावर देखरेख कोणी ठेवायची, हे ठाऊक नसतं. त्यामुळे बरीच निवेदनं चुकीच्या टेबलावर पडून राहतात. वाचकांना वेळेला उपयोगी पडावी म्हणून महाराष्ट्रातली ही व्यवस्था आम्ही इथे एकत्र मांडत आहोत.

कोणतं रुग्णालय कोणाचं?

राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्याचा विषय आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली. तिच्यात आरोग्य, रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि दवाखाने यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी आलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आहे, पण रुग्णालय हा शब्द नाही. असं असलं तरी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार रुग्णालये व दवाखाने चालवणे हे महापालिकेच्या कर्तव्यांत येते. मुंबईसाठी १८८८ चा वेगळा कायदा आहे.

प्रत्यक्षात विभागणी अशी आहे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. त्यांचे प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. तिथे जबाबदारी जिल्हा शल्यचिकित्सकांची, म्हणजे आपण ज्यांना सिव्हिल सर्जन म्हणतो त्यांची. शासकीय मेडिकल कॉलेजला जोडलेलं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. महापालिकेचं रुग्णालय आयुक्तांकडे. मालक चार, पेशंट मात्र एकच.

भिवंडीचं इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय पूर्वी पालिकेचं होतं, आता ते राज्याचं उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरांच्या रिक्त जागांबद्दल महापालिकेच्या महासभेत कितीही आवाज उठवला, तरी त्या जागा भरणं महापालिकेच्या हातात नाही.

ठाणे आणि कळवा: एकाचा निर्णय, दुसऱ्यावर भार

ठाण्याचं विठ्ठल सायन्ना जिल्हा सामान्य रुग्णालय राज्य सरकारचं. त्याच्या जागी नवं मोठं रुग्णालय बांधायचं ठरलं आणि जुन्या इमारतीतल्या सेवा २०२३ मध्ये मनोरुग्णालयाच्या आवारात हलवण्यात आल्या. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं, ५०० खाटांचं. मुंब्रा, कळवा, दिवा इथलाच नव्हे, तर जिल्ह्याच्या इतर भागांतला गरीब पेशंटही तिथेच येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्णांचा मृत्यू झाला. राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. सिव्हिल रुग्णालय हलवल्यामुळे कळव्यावर वाढलेल्या भाराची चर्चाही तेव्हा झाली.

मृत्यूंची कारणं ठरवणं हे चौकशी समितीचं काम. आम्हाला इथे दुसरा प्रश्न विचारायचा आहे. राज्याचं रुग्णालय हलणार होतं आणि त्याचा भार महापालिकेच्या रुग्णालयावर येऊ शकत होता. मग 'किती पेशंट वाढतील, डॉक्टर आणि खाटा कुठून येणार?' हे आधीच जाहीरपणे विचारण्याची जागा कुठे होती? जिल्हा परिषदेचा सिव्हिल रुग्णालयावर अधिकार नाही. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे प्रश्न विचारायला सभागृहात निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता.

देखरेखीच्या जागा

जिल्हा परिषदेची आरोग्य समिती: १९६१ च्या कायद्याखाली ही विषय समिती असते. प्राथमिक आरोग्य केंद्र बंद असणं, डॉक्टर नसणं, औषधांचा तुटवडा हे विषय इथे यायला हवेत. सर्वसाधारण भागात ३० हजार लोकसंख्येला एक आणि आदिवासी-डोंगरी भागात २० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. केंद्र कमी करण्याची किंवा हलवण्याची भाषा झाली की आधी हा हिशोब मागावा.

ग्रामसभा आणि ग्राम आरोग्य समिती: वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. तिथे झालेला ठराव लेखी पुरावा असतो, तो पुढे कामाला येतो. आपल्या राज्यात २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. त्यात गावकरी स्वतः केंद्राची पाहणी करून जनसुनवाईत अधिकाऱ्यांना जाब विचारत.

महासभा आणि प्रभाग समिती: महापालिकेच्या रुग्णालयाचं बजेट, भरती, खाजगीकरणाचा प्रस्ताव यांवर नगरसेवक इथे बोलू शकतो.

जिल्हा नियोजन समिती: हिच्याकडे आपलं लक्ष सगळ्यात कमी जातं. घटनेच्या कलम २४३ झेडडी नुसार हिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिका-महापालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून निवडले जातात. अध्यक्ष पालकमंत्री. ग्रामीण आणि शहरी प्रतिनिधी, मंत्री आणि जिल्ह्याचे अधिकारी एका टेबलावर बसतात ती ही जागा. ठाणे-कळव्यासारखा दोन मालकांमधला प्रश्न मांडायचा तर तो इथेच.

पण स्थानिक निवडणुकाच झाल्या नाहीत, तर या समितीतल्या त्या खुर्च्याही रिकाम्या राहतात. २०२२ नंतर राज्यातल्या अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासक होते. शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचे निर्देश दिले. निवडणूक लांबली म्हणजे फक्त रस्ते-गटारांची कामं अडतात असं नाही. रुग्णालयावर लक्ष ठेवणारी नजरही जाते.

दुसरीकडे काय आहे?

इंग्लंडमध्ये २००१ च्या कायद्याने स्थानिक परिषदांना आरोग्य सेवांची छाननी करण्याचा अधिकार मिळाला. तिथल्या सरकारी आरोग्य सेवेला, म्हणजे एनएचएसला, सेवेत मोठा बदल करायचा असेल तर परिषदेशी सल्लामसलत करावी लागते. बदलाचा परिणाम एकापेक्षा जास्त परिषदांच्या हद्दीत होणार असेल, तर त्यांची संयुक्त समिती बसते. २०१३ मध्ये लंडनच्या लुईशम रुग्णालयातल्या सेवा कमी करण्याच्या निर्णयाविरुद्ध तिथली परिषद आणि नागरिक कोर्टात गेले आणि जिंकले. मात्र वादग्रस्त प्रकरण थेट मंत्र्यांकडे पाठवण्याचा परिषदांचा अधिकार जानेवारी २०२४ च्या अखेरीस काढून घेण्यात आला. मिळालेला अधिकार वापरला नाही आणि जपला नाही तर तो जाऊही शकतो, हे आपणही ध्यानात ठेवावं.

आपण काय मागावं?

माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ४ सांगतं की लोकांवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित माहिती प्रसिद्ध करावी आणि ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना निर्णयाची कारणं द्यावीत. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या भागातलं रुग्णालय हलणार, बंद होणार किंवा खाजगी हातात जाणार असं कानावर आलं, की आमच्या मते या पाच गोष्टी लेखी मागाव्यात:

१. निर्णय कोणत्या खात्याचा, आणि शासन निर्णय किंवा ठरावाची प्रत.
२. सध्या रोजचे पेशंट, खाटा, प्रसूती आणि मंजूर व भरलेली पदं किती?
३. बदलाच्या काळात हे पेशंट कुठे जाणार आणि तिथे किती खाटा व कर्मचारी वाढवले?
४. ज्या संस्थेच्या रुग्णालयावर भार येणार, तिला आधी लेखी कळवलं होतं का?
५. मोफत मिळणाऱ्या तपासण्या आणि औषधं पुढेही मोफत राहणार का?

ही उत्तरं हातात घेऊन नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य आणि नियोजन समितीच्या सदस्यांना भेटा. रिकाम्या हाताने गेलं तर आश्वासन मिळतं, आकडे घेऊन गेलं तर विषय इतिवृत्तात येतो. आणि हे सगळं जुन्या इमारतीला कुलूप लागण्याआधी व्हायला हवं.