बायनरी ट्रीच्या क्रमलेखनाची वैधता

बायनरी ट्रीच्या क्रमलेखनाची वैधता : बायनरी ट्री फाइलमध्ये साठवायची किंवा नेटवर्कवरून पाठवायची, तर तिचे नोड एका ओळीत मांडावे लागतात. प्रीऑर्डर पद्धतीत आधी नोड, मग त्याची डावी शाखा, शेवटी उजवी शाखा लिहितात. अपत्य नसेल तिथे ‘#’ ही खूण करतात. हाती आलेली ओळ खरोखर एखाद्या ट्रीची आहे का, हे ठरवण्यासाठी ट्री पुन्हा उभारावी लागत नाही; एक मोजणी पुरते. सुरुवातीला मुळासाठी एक जागा रिकामी धरतात. प्रत्येक चिन्ह एक जागा भरते आणि ते चिन्ह नोड असेल, तर दोन नव्या जागा निर्माण होतात. रिकाम्या जागा पहिल्यांदा शून्य होतात तिथेच ओळही संपली, तरच ती वैध. ‘क ख # # ग # #’ या ओळीत जागा १ वरून २, ३, २, १, २, १, ० अशा बदलतात. म्हणून ती वैध आहे.

‘#’ नोडांपेक्षा एकाने जास्त आहेत एवढे पाहिले तर भागणार नाही का, अशी शंका येते. नाही भागत. ‘क # # ख ग # #’ मध्येही तीन नोड आणि चार ‘#’ आहेत. पण तिसऱ्या चिन्हालाच ट्री पूर्ण होते आणि ‘ख’ला जागा उरत नाही. नोड आणि ‘#’ यांच्या अशा ३५ मांडण्यांपैकी ५ च वैध ठरतात. हे ५ म्हणजे तीन नोडांसाठीची कॅटलान संख्या, अर्थात तीन नोडांच्या ट्रीच्या शक्य आकारांची संख्या. पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांना १९२४ मध्ये सुचलेली कंसविरहित लेखनपद्धती याच तत्त्वावर उभी आहे : प्रत्येक चिन्हाला किती अपत्ये हे आधीच ठरलेले असल्याने कंसांची गरज उरत नाही.

दुसरा आक्षेप असा, की रिकर्शनने ट्री उभारून पाहणे अधिक खात्रीचे. पण एकाच बाजूला वाढलेल्या लांबलचक ट्रीत रिकर्शनची खोली नोडांच्या संख्येइतकी होऊन स्टॅक भरून जाऊ शकतो. मोजणीला एकच पूर्णांक लागतो. शिवाय खात्री दोन्हींकडे सारखीच असते : प्रत्येक चिन्ह पहिल्या रिकाम्या जागेत बसते, दुसरा पर्याय नसतो. इनऑर्डर लेखनात (आधी डावी शाखा, मग नोड, शेवटी उजवी शाखा) मात्र हे जमत नाही. तिथे कोणत्याही आकाराची ट्री ‘#’ आणि नोड आळीपाळीने येणारी ओळच देते, त्यामुळे आकार कळतच नाही. नोडांमधली मूल्ये बरोबर आहेत का, हे मोजणी सांगत नाही; पण तुटकी किंवा वाढीव ओळ ती नक्की पकडते. म्हणून बाहेरून आलेल्या ओळीवर पुढचे कोणतेही काम करण्याआधी ही तपासणी करावी.