परळचे पिंजरे आणि बांधावरचा ताप



१८९६ साली मुंबईत प्लेग आला. उंदीर पडू लागले, माणसं मरू लागली, गिरण्या सोडून लोक गावी पळाले. रोग पसरतो कसा, हे कळत नव्हतं. सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी पिसवेवर बोट ठेवलं, पण पक्का पुरावा परळला मिळाला. डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली तिथल्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली होती. १९०५ पासून प्लेग आयोगाने तिथे गिनिपिगांवर प्रयोग केले. पिसवांच्या जागी जमिनीवर ठेवलेले प्राणी मेले. पिसवेची उडी पोचणार नाही इतक्या उंच पिंजऱ्यातले वाचले.

तोच धडा आज बांधावर लागू पडतो. उंदरांचा वावर असलेल्या गवतात अगदी बारीक किडे असतात. त्यांचं पिल्लू चावलं की स्क्रब टायफस होऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या जंगलात या तापाने सैनिक दगावले. नेमकं औषध १९४८ साली मलायात सापडलं. २०१८ च्या पावसाळ्यात हाच ताप विदर्भात पसरला, माणसं गेली.

चावल्यावर साधारण दहा दिवसांनी जोराचा ताप येतो, डोकं ठणकतं. जंतू रक्तवाहिन्यांच्या अस्तरात वाढतात. त्याची झळ यकृताला, म्हणजे लिव्हरला बसते. तपासणीत लिव्हरचे आकडे वाढतात, काहींचे डोळे पिवळे होतात. मग घरचे म्हणतात, कावीळ झाली, उतरवून आणा. त्यात मोलाचे दिवस जातात. साध्या काविळीत डोळे पिवळे होईपर्यंत ताप बहुधा उतरलेला असतो. दोन्ही एकत्र दिसले तर तडक दवाखाना गाठा. मलेरिया, लेप्टोही असू शकतो.

अंगावर बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली आहे का, पाहा. ती काखेत, जांघेत, छातीखाली, परकराच्या नाडीखाली लपते. दुखत नाही म्हणून लक्ष जात नाही, आणि दिसली तरी आपण लाजतो. लाजू नका, निदान नर्सताईंना दाखवा. खपली प्रत्येकीला असतेच असं नाही, म्हणून गवत कापायला गेले होते, हेही सांगा. डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळालं तर ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, यकृतही सावरतं. गरोदर असाल तर आधी सांगा, गोळी वेगळी असते.

आणि रानात भाकरी खाताना गवतावर बसू नका. खाली गोणपाट टाका, घरी आल्यावर अंग धुवा, कपडे बदला.