शरणार्थी आणि संविधान

मूर्तिजापूरहून पूर्वेस जाणारा लोहमार्ग नागपूरमार्गे गोंदियास पोहोचतो. त्या जिल्ह्यात, म्हणजे तत्कालीन भंडारा जिल्ह्यात, गोठणगाव-प्रतापगड परिसरात १९७२ साली तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत स्थापन झाली. १९५९ च्या दमनानंतर मायभूमीस मुकलेल्या या बौद्ध समाजास विदर्भाने भूमी दिली. परंतु भूमी मिळणे आणि हक्क मिळणे या दोन भिन्न गोष्टी होत.

१९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारात एक मार्मिक तरतूद आहे. मायदेशातील परिस्थिती पालटली, तरी पूर्वी घोर छळ सोसलेल्यास केवळ त्या कारणावरून संरक्षण नाकारू नये, असा तिचा आशय. ती मुळात जुन्या करारांखालील निर्वासितांपुरती होती. तत्त्व मात्र व्यापक आहे. राजवट पालटते, मनावरील आघात उरतो, हे येथे कायद्याने ओळखले.

भारत या करारात सहभागी नाही आणि येथे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. आधार आहे तो संविधानाच्या अनुच्छेद २१ चा. जीविताचे संरक्षण तो केवळ नागरिकास नव्हे, तर प्रत्येक व्यक्तीस देतो. त्याच आधारे ९ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातील चकमा बौद्धांचे रक्षण करण्याचा आदेश राज्य शासनास दिला.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात बौद्धांचा उल्लेख आहे. पण अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तानातून आलेल्यांपुरताच. तिबेट त्यात नाही.

त्रिशरण ग्रहण करणाऱ्यांस ‘शरण’ या शब्दाचे मोल ठाऊक आहे. पीडितास मिळणारे शरण शासनाच्या मर्जीवर न राहता कायद्यात यावे, ही मागणी म्हणूनच आपलीही होय.