बांधकाम पर्यवेक्षक

बांधकाम पर्यवेक्षक म्हणजे बांधकामस्थळी मजूर, कारागीर आणि अवजड यंत्रे यांच्याकडून ठरलेल्या आराखड्याप्रमाणे, ठरलेल्या वेळेत व सुरक्षितपणे काम करवून घेणारी व्यक्ती होय. बोलीभाषेत त्याला साईट सुपरवायझर म्हणतात. अभियंता काय बांधायचे व कोणत्या मापाचे बांधायचे हे ठरवतो. ते आजच्या दिवसात कोणत्या क्रमाने, किती माणसांनी व कोणत्या यंत्राने करायचे, हे पर्यवेक्षक ठरवतो. पोकलेन, जेसीबी, डंपर, रोलर व क्रेन यांचा वापर वाढल्यापासून माणसे आणि यंत्रे यांच्या हालचाली एकमेकांपासून वेगळ्या ठेवणे हे या पदाचे सर्वांत महत्त्वाचे कर्तव्य ठरले आहे.

मुकादम आणि पर्यवेक्षक

मुकादम हा शब्द अरबी भाषेतून मराठीत आला असून त्याचा मूळ अर्थ ‘पुढे असलेला’ असा आहे. मुकादम मजुरांची टोळी जमवतो, त्यांना उचल देतो, हजेरी घेतो आणि मजुरी वाटतो. अनेकदा तो टोळीतील मजुरांच्याच गावचा किंवा नात्यातला असतो. पर्यवेक्षक मात्र मुख्य कंत्राटदाराचा नोकर असतो व त्याची जबाबदारी कामाशी बांधलेली असते. मजूर मुकादमाचे ऐकतात आणि मुकादम पर्यवेक्षकाचे ऐकतो, अशी उतरंड बहुतेक ठिकाणी आढळते. त्यामुळे पर्यवेक्षकाची सूचना शेवटच्या बिगाऱ्यापर्यंत पोहोचली की नाही, हे त्याला स्वतः पाहावे लागते.

इतिहास

महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर संघटित मजूरटोळ्यांकडून काम करवून घेण्याचे एक आरंभीचे उदाहरण म्हणजे बोर घाटातील रेल्वेमार्ग होय. हे काम १८५६ ते १८६३ या काळात झाले. कामाच्या भरात तेथे ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल यांचे १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच काळात निधन झाले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालवले व त्याच्या व्यवस्थापनासाठी अभियंते नेमले. सुरुंगाची दारू वगळता हे काम मुख्यतः पहार, कुदळ, फावडे व पाटी यांवर झाले. माती व दगडाच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या निपुण असलेल्या वडार समाजाचा महाराष्ट्रातील अशा बांधकामांत मोठा वाटा राहिला आहे.

खोदकामाच्या यंत्राचा इतिहासही त्याच शतकातला आहे. अमेरिकेतील विल्यम ओटिस यांना वाफेवर चालणाऱ्या फावड्याचे एकस्व १८३९ मध्ये मिळाले. विसाव्या शतकाच्या मध्यास तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रे आली आणि खोदकामाचे स्वरूप बदलले. आज मराठीत रूढ असलेली दोन नावे मुळात कंपन्यांची आहेत. पट्ट्यांवर चालणाऱ्या उत्खनकाला ‘पोकलेन’ हे नाव फ्रान्समधील पोक्लेन कंपनीवरून पडले. पुढे भरणीचे व मागे खोदणीचे बकेट असलेल्या यंत्राला ‘जेसीबी’ हे नाव इंग्लंडमधील जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीवरून मिळाले.

कामाचे स्वरूप

पर्यवेक्षकाचा दिवस हजेरीने सुरू होतो. त्यानंतर काम सुरू होण्यापूर्वी पाच-दहा मिनिटांची सभा घेतली जाते. तिला टूलबॉक्स टॉक म्हणतात. कोणते यंत्र कुठे चालणार, कोणता भाग आज बंद राहणार आणि इशारा कोण देणार, हे या सभेत सांगितले जाते. मजूर वेगवेगळ्या राज्यांतले असल्यास सूचना सर्वांना समजेल अशा भाषेत देणे आवश्यक असते. दिवसाअखेर झालेल्या कामाचे मोजमाप, यंत्रांचे तास, वापरलेले डिझेल आणि आलेले साहित्य यांची नोंद दैनिक अहवालात केली जाते.

यंत्रांचे नियोजन हा या कामातील गणिती भाग आहे. उदाहरणार्थ, १०० मीटर लांब, १ मीटर रुंद व २ मीटर खोल चर खणायचा असेल, तर जागेवरचे घनफळ २०० घनमीटर होते. महाराष्ट्रात माती, मुरूम व खडी ब्रासमध्ये मोजतात. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. या हिशेबाने हे काम सुमारे ७१ ब्रासचे आहे. मात्र खणलेली माती फुगते. ती २५ टक्के फुगली असे धरल्यास २५० घनमीटर माती वाहून न्यावी लागेल, म्हणजे १० घनमीटरच्या डंपरच्या २५ खेपा होतील. एक डंपर भरण्यास ८ मिनिटे लागत असतील आणि भरणे, जाणे, रिकामे करणे व परतणे या पूर्ण फेरीस ४० मिनिटे लागत असतील, तर पोकलेन रिकामे उभे राहू नये म्हणून ५ डंपर लागतात.

भाड्याच्या यंत्राची आकारणी बहुधा तासावर होते. यंत्राचा मालक, मजुरांचा ठेकेदार आणि पर्यवेक्षक ज्याचा नोकर आहे तो कंत्राटदार, असे तिघे वेगवेगळे असू शकतात. अशा वेळी एकाच चरात काम करणारे चालक व मजूर दोन वेगळ्या मालकांची माणसे असतात. उभ्या यंत्राचेही पैसे मोजावे लागत असल्याने, पोकलेनचे काम चालू असतानाच मजुरांना चरात उतरवण्याचा मोह होतो. बकेटच्या आवाक्यात माणूस असताना यंत्र थांबवणे हा खर्चाचा नव्हे, तर सुरक्षेचा निर्णय असतो आणि तो घेण्याचा अधिकार पर्यवेक्षकाकडे स्पष्टपणे असावा लागतो.

यंत्रचालक आणि इशारे

अवजड यंत्राच्या चालकाला सभोवतालचे सर्व दिसत नाही. पोकलेनमध्ये चालकाची केबिन सामान्यतः डाव्या बाजूस असते. त्यामुळे उजवी व मागची बाजू बूम आणि इंजिन यांच्याआड जाते. यंत्र फिरताना मागील वजनाचा भाग पट्ट्यांच्या बाहेर येतो. हा भाग आणि भिंत, खांब किंवा उभे वाहन यांच्यामधील जागेत माणूस चिरडला जाण्याचा धोका असतो, म्हणून ही जागा अडथळे लावून बंद करतात. मागे येणाऱ्या डंपरसाठी वेगळा मार्ग आणि भोंगा असणे अपेक्षित आहे. तथापि दिवसभर अनेक यंत्रांचे भोंगे वाजत राहिल्यास कामगारांचे त्यांकडे दुर्लक्ष होऊ लागते. त्यामुळे वाहनाला मागे यावे लागणार नाही असा एकेरी मार्ग आखणे अधिक परिणामकारक ठरते.

क्रेनच्या कामात चालकाला इशारे देण्यासाठी सिग्नलमन नेमतात आणि ओझे बांधण्याचे काम खलाशी करतात. तर्जनी वर करून लहान वर्तुळ काढणे म्हणजे ओझे वर उचलणे आणि तर्जनी खाली रोखून वर्तुळ काढणे म्हणजे ओझे उतरवणे, अशा हातांच्या खुणा रूढ आहेत. चालकाने एकाच सिग्नलमनच्या खुणा पाळायच्या असतात. या नियमाला एकच अपवाद आहे. थांबण्याची खूण कोणीही केली तरी यंत्र तत्काळ थांबवले पाहिजे.

क्रेनची उचलण्याची क्षमता स्थिर नसते. ओझे क्रेनपासून जितके दूर, तितकी क्षमता कमी होते. ढोबळमानाने ३ मीटर अंतरावर ६ टन उचलणारी क्रेन ६ मीटर अंतरावर ३ टनही उचलू शकेलच असे नाही. नेमका आकडा निर्मात्याच्या भारतक्त्यात दिलेला असतो. क्रेनच्या आधारपायांखालची जमीन नुकतीच भरलेली असेल, तर तक्त्यातील क्षमताही सुरक्षित राहत नाही.

खोदकामातील धोके

मातीचे वजन सामान्यतः कमी लेखले जाते. १ घनमीटर माती दीड टनाहून अधिक भरू शकते. छातीपर्यंत मातीत गाडल्या गेलेल्या व्यक्तीलाही श्वास घेता येत नाही. भारतीय मानक ३७६४ मध्ये खोदकामाच्या सुरक्षेची संहिता दिली आहे. दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना आधार देणे किंवा त्या सुरक्षित उताराने कापणे हा या विषयातील मूलभूत नियम मानला जातो. खणलेली माती चराच्या काठापासून किमान दीड मीटर किंवा चराच्या खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अधिक असेल तितक्या अंतरावर टाकावी, असा संकेत सरकारी बांधकामांत पाळला जातो. कडेला उभ्या पोकलेनचे वजन व कंप हेही दरड कोसळण्यास कारण ठरतात. पावसानंतर आणि काम काही काळ बंद राहिल्यानंतर मजूर उतरण्यापूर्वी चराची पुन्हा तपासणी करावी लागते. माती कोसळून कोणी अडकल्यास त्याच्या अगदी जवळ यंत्राच्या बकेटने खणू नये, कारण त्याने अडकलेल्या व्यक्तीस इजा होऊ शकते.

महाराष्ट्रातील दुर्घटना

२९ जून २०१९ रोजी पुण्यातील कोंढवा भागात संरक्षक भिंत कोसळून लगतच्या झोपड्यांत राहणाऱ्या बांधकाम मजुरांपैकी व त्यांच्या कुटुंबीयांपैकी १५ जणांचा मृत्यू झाला. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर बसवणारे यंत्र कोसळून २० जण मरण पावले. पहिल्या घटनेतील माणसे कामावर नव्हे, तर निवाऱ्यात होती. म्हणून मजुरांच्या वस्तीची जागा हादेखील बांधकामस्थळाच्या सुरक्षेचा भाग ठरतो.

कायदेशीर तरतुदी

भारतात इमारत व इतर बांधकाम कामगार (रोजगार व सेवाशर्ती विनियमन) अधिनियम १९९६ मध्ये संमत झाला. तो १० किंवा अधिक बांधकाम कामगार असलेल्या आस्थापनांसाठी करण्यात आला. त्यात ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी सुरक्षा समितीची, तर ५० पेक्षा अधिक महिला कामगार असलेल्या ठिकाणी ६ वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. पाळणाघरामुळे मुले यंत्रांच्या मार्गापासून दूर राहतात. त्यामुळे ही सोय सुरक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत या अधिनियमासह एकूण १३ कायदे एकत्र करण्यात आले.

१९९६ च्या अधिनियमातील व्याख्येनुसार पर्यवेक्षकीय कामही ‘बांधकाम कामगार’ या संज्ञेत येत असे, परंतु दरमहा १,६०० रुपयांपेक्षा अधिक वेतन असलेला पर्यवेक्षक तिच्यातून वगळला जात असे. ही मर्यादा इतकी कमी होती की प्रत्यक्षात बहुतेक पर्यवेक्षक तिच्या बाहेर राहत.

कामगारांच्या लाभांच्या दृष्टीने पर्यवेक्षकाकडील हजेरीपटाला विशेष महत्त्व आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी कामगाराचे वय १८ ते ६० वर्षांदरम्यान असावे लागते. तसेच मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचे काम केल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. हजेरी पटावर चढली नसेल, तर प्रत्यक्ष काम करूनही ते सिद्ध करणे मजुराला कठीण जाते.

प्रशिक्षण

पर्यवेक्षक होण्यासाठी स्थापत्य अभियांत्रिकीतील पदविका किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील संबंधित अभ्यासक्रम उपयुक्त ठरतो. तथापि गवंडी, फिटर किंवा मुकादम म्हणून अनुभव घेऊन या पदावर आलेलेही पुष्कळ आहेत. यंत्रचालक पूर्वी प्रामुख्याने हेल्पर म्हणून उमेदवारी करून शिकत. आता इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलच्या माध्यमातून त्यांच्यासाठी प्रशिक्षण व प्रमाणपत्रांची व्यवस्था आहे. पर्यवेक्षकाला यंत्र चालवता येणे आवश्यक नसले, तरी चालकाच्या आसनावरून काय दिसते आणि काय दिसत नाही, हे त्याला ठाऊक असणे आवश्यक मानले जाते.